पडसादाचे शस्त्र : इंटरनेटवरील प्रवर्धन-हल्ले आणि ‘आधी कळवा’ या नीतीचा इतिहास

#इतिहासधागा

१/
सोलापूरहून विजापूर शंभर किलोमीटरच्या आसपास आहे, त्यामुळे आपल्याकडच्या बहुतेकांनी गोलघुमट शालेय सहलीतच पाहिलेला असतो. मुहम्मद आदिलशहाची (मृत्यू १६५६) ही कबर तिच्या सज्जातील पडसादासाठी प्रसिद्ध आहे. एक टाळी वाजवावी आणि ती पुनःपुन्हा कानी यावी. मात्र तेथे दोन नियम कधी मोडत नाहीत : प्रत्येक पडसाद आधीच्यापेक्षा क्षीण असतो आणि टाळी वाजवणाऱ्यालाही तो ऐकावाच लागतो. आता असा घुमट कल्पा, जो टाळीची मेघगर्जना करील आणि ती गर्जना भलत्याच माणसाच्या कानात ओतील. १९९७ पासून इंटरनेटवर असे घुमट शस्त्र म्हणून वापरले जात आहेत. त्या हल्ल्यांना प्रवर्धन-हल्ले म्हणतात.

२/
आजच्या धाग्यात हल्ल्यांची जंत्री थोडी आहे. मुख्य प्रश्न वेगळा आहे : हे ‘घुमट’ ज्यांनी शोधले, त्यांनी ती माहिती कोणाला सांगितली? गुपचूप सांगितली की चव्हाट्यावर मांडली? आणि ज्यांना सांगितली त्या इंटरनेट पुरवठादारांनी काय केले? तंत्रज्ञानाच्या इतिहासातला हा एक जुना नैतिक वाद आहे आणि तो अजून मिटलेला नाही. धागा दीर्घ आहे, सवडीने वाचावा.

३/
आधी यंत्रणा समजून घेऊ. मोडी कागद हाती आला की आपण प्रथम पत्र कोणाचे, शिक्का कोणाचा, शेवटी मोर्तब आहे की नाही, हे पाहतो. नुसते नाव लिहिलेले आहे म्हणून पत्र त्याच माणसाचे, असे कोणी मानत नाही. इंटरनेटवरचे प्रत्येक पॅकेट हेही एक पत्रच असते. त्यावर पाठवणाऱ्याचा व घेणाऱ्याचा असे दोन पत्ते असतात. वाटेतले राउटर साधारणपणे घेणाऱ्याचा पत्ता तेवढा पाहतात. पाठवणाऱ्याचा पत्ता पाठवणाराच लिहितो, आणि त्यावर मोर्तब नसते.

४/
१९८० च्या ऑगस्टमध्ये जॉन पोस्टेल यांनी ‘यूडीपी’ या संदेशपद्धतीचा मसुदा प्रसिद्ध केला. तो अवघा तीन पानांचा होता. टीसीपी या पद्धतीत दोन्ही बाजू आधी एकमेकांना ‘तूच आहेस ना?’ असे विचारून घेतात, म्हणून खोटे नाव तेथेच उघडे पडते. यूडीपीमध्ये असा परिचयविधी नाही. प्रश्न आला की उत्तर पाठवायचे, एवढाच व्यवहार. नावांचे पत्ते सांगणारी डीएनएस, घड्याळे जुळवणारी एनटीपी अशा किती तरी सेवा याच वेगवान पद्धतीवर उभ्या राहिल्या. त्या काळी जाळ्यावर विद्यापीठे आणि प्रयोगशाळा होत्या, आणि सगळे एकमेकांना ओळखत होते. विश्वास गृहीत धरणे हा तेव्हा निष्काळजीपणा मानला जात नव्हता.

५/
हल्ला असा होतो. हल्लेखोर एखाद्या उघड्या सर्व्हरला छोटासा प्रश्न पाठवतो, पण ‘पाठवणारा’ म्हणून आपल्या शत्रूचा पत्ता लिहितो. सर्व्हर प्रामाणिकपणे मोठे उत्तर तयार करतो आणि ते त्या निरपराध पत्त्यावर पाठवतो. अमेरिकेच्या ‘यूएस-सर्ट’ या संस्थेने जानेवारी २०१४ मध्ये अशा सेवांचा तक्ता प्रसिद्ध केला. त्यात डीएनएसचा गुणक २८ ते ५४ होता, तर एनटीपीमधील एका जुन्या आज्ञेचा ५५६.९. म्हणजे सेकंदाला १० मेगाबिट पाठवू शकणारी साधी जोडणी पलीकडे साडेपाच गिगाबिटचा लोंढा उभा करते. असे हजारो सर्व्हर एकदम वापरले, तर काय होईल याचा हिशेब वाचकांनीच करावा.

६/
या गुन्ह्याची रचना नीट पाहा, कारण पुढचा सगळा इतिहास तिच्यातून निघतो. येथे चार पक्ष आहेत. हल्लेखोर, ज्याच्या जाळ्यातून खोट्या पत्त्याचे पॅकेट बाहेर पडले तो पुरवठादार, ज्याच्याकडे उघडा सर्व्हर आहे तो दुसरा पुरवठादार किंवा त्याचा ग्राहक, आणि चौथा, ज्याच्यावर पूर कोसळतो तो. चौथा हानी सोसतो, पण त्याच्या हाती उपाय थोडा असतो. उपाय दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या हाती असतो, पण त्यांना झळ फारशी लागत नाही. घर एकाचे जळते आणि पाण्याची विहीर दुसऱ्याच्या वाड्यात असते. म्हणून कोणी तरी त्या वाड्याचे दार ठोठावावे लागते. ते कसे ठोठवावे, हाच ‘जबाबदार प्रकटीकरणा’चा प्रश्न आहे.

७/
पहिला अध्याय : स्मर्फ. १९९७ मध्ये या नावाचे एक हल्ल्याचे साधन पसरले. नाव निळ्या बुटक्या व्यंगचित्र-पात्रांवरून आले होते. त्या काळी एखाद्या जाळ्याच्या सामायिक पत्त्यावर ‘आहात का?’ असा एक संदेश पाठवला की त्या जाळ्यातील सगळी यंत्रे ‘आहोत’ म्हणून उत्तर देत. पाठवणाऱ्याच्या जागी भलत्याचा पत्ता लिहिला की शंभर यंत्रांची शंभर उत्तरे त्याच्यावर जात. ५ जानेवारी १९९८ रोजी अमेरिकेतील ‘सर्ट’ समन्वय केंद्राने याबद्दल जाहीर इशारा दिला.

८/
त्याच महिन्यात पॉल फर्ग्युसन आणि डॅनिएल सेनी यांनी मुळावर घाव घालणारा प्रस्ताव मांडला. मे २००० मधील त्याची सुधारित आवृत्ती ‘बीसीपी ३८’ या नावाने ओळखली जाते. त्यातली कल्पना आपल्या टपाल कचेरीच्या भाषेत सांगता येईल. कोणत्या ग्राहकाला कोणते पत्ते दिले आहेत, हे पुरवठादाराला ठाऊक असते. मग त्या ग्राहकाकडून भलत्याच पत्त्याच्या नावे पत्र निघाले, तर ते पहिल्याच पेटीपाशी थांबवावे. पाठोपाठ ऑगस्ट १९९९ मध्ये नियम बदलला : पूर्वी सामायिक पत्त्यावरचे बाहेरचे संदेश पुढे नेणे हे राउटरचे मूळ वर्तन होते, ते उलटे करून बंद ठेवावे असे ठरले. स्मर्फ हळूहळू विझला. खोट्या पत्त्याचे मूळ मात्र शिल्लक राहिले.

९/
याच काळात पहिला नैतिक पेच उभा राहिला. काही स्वयंसेवकांनी अशा ‘घुमटां’च्या म्हणजे दुरुस्त न झालेल्या जाळ्यांच्या याद्या संकेतस्थळांवर उघडपणे लावल्या. उद्देश असा की लाजेने तरी मालक दार लावतील. अनेकांनी लावलेही. पण तीच यादी हल्लेखोरालाही आयती मिळत होती. कोणाचे दार उघडे आहे हे गावभर सांगितल्याने मालक जागा होतो की चोर, हा प्रश्न तेव्हापासून पाठ सोडत नाही.

१०/
हा वाद संगणकापेक्षाही जुना आहे. १८५१ च्या लंडनमधील महाप्रदर्शनाच्या काळात अल्फ्रेड चार्ल्स हॉब्ज या अमेरिकन कुलूपतज्ज्ञाने आधी चब कंपनीचे प्रसिद्ध कुलूप उघडले. नंतर ब्रामा कंपनीच्या दुकानात वर्षानुवर्षे २०० गिनींच्या बक्षिसासह मिरवणारे कुलूपही, अनेक दिवसांत मिळून सुमारे ५१ तास खपून, उघडले. इंग्लंडमध्ये खळबळ उडाली. अशी माहिती जाहीर केल्याने चोर शिकतील, असा आक्षेप आला. हॉब्जच्या बाजूचे उत्तर असे होते की चोर आपल्या धंद्यात आधीच तरबेज असतात. अंधारात असतो तो कुलूप विकत घेणारा. प्रकटीकरणाच्या बाजूचा हा युक्तिवाद आजही जवळजवळ याच शब्दांत केला जातो.

११/
संगणकाच्या जगात हा वाद २ नोव्हेंबर १९८८ च्या मॉरिस वर्मनंतर संस्थारूपाला आला. त्या घटनेतूनच कार्नेगी मेलन विद्यापीठात ‘सर्ट’ समन्वय केंद्र जन्मले. त्याची सुरुवातीची पद्धत गुप्ततेची होती : दोष उत्पादकाला कळवायचा आणि दुरुस्ती येईपर्यंत मौन पाळायचे. टीकाकार म्हणाले, या मौनाच्या आडोशाने उत्पादक निवांत झोपतात. १९९३ मध्ये सुरू झालेल्या ‘बगट्रॅक’ने सारे काही उघड मांडण्याचा दुसरा टोकाचा मार्ग धरला. २००० मध्ये ‘सर्ट’ने ४५ दिवसांची मुदत जाहीर केली : आधी खासगीत कळवू, मुदत संपली की जगाला सांगू. मौन आणि डंका यांच्या मधली ही वाट पुढे रूढ झाली.

१२/
प्रवर्धन-हल्ल्यांसमोर मात्र ही मधली वाट अपुरी पडते. एखाद्या सॉफ्टवेअरमधील दोष एका उत्पादकाला कळवता येतो. येथे दोष लाखो यंत्रांच्या मांडणीत विखुरलेला असतो, आणि ती यंत्रे जगभरच्या हजारो पुरवठादारांच्या जाळ्यांत बसलेली असतात. म्हणजे एक पत्र पुरत नाही, लाखो पत्रे लिहावी लागतात. ती कोठे पाठवायची? मे १९९७ मधील एका संकेतानुसार प्रत्येक पुरवठादाराने गैरवापराच्या तक्रारींसाठी ठरावीक नावाची टपालपेटी ठेवावी, अशी अपेक्षा आहे. पेटी ठेवणे सोपे आहे, ती रोज उघडणारा माणूस नेमणे अवघड.

१३/
इशारे वेळेवर मिळाले नाहीत, असे इतिहास म्हणू देत नाही. २००१ मध्येच व्हर्न पॅक्सन यांनी परावर्तक सर्व्हरांमार्फत होऊ शकणाऱ्या हल्ल्यांचे पद्धतशीर विश्लेषण प्रसिद्ध केले होते. २००६ च्या आरंभी डीएनएसच्या आधारे मोठे हल्ले झाले, आणि मार्चमध्ये ‘आयकॅन’च्या सुरक्षा समितीने सल्लापत्र काढले. ऑक्टोबर २००८ मध्ये ‘बीसीपी १४०’ने स्पष्टच सांगितले की आपल्या ग्राहकांसाठी असलेला डीएनएस सर्व्हर साऱ्या जगाची उत्तरे देत बसू नये. ज्यांनी वाचायचे त्यांपैकी फार थोड्यांनी ते वाचले.

१४/
मार्च २०१३ मध्ये नको असलेल्या टपालाविरुद्ध काम करणाऱ्या ‘स्पॅमहाउस’ या संस्थेवर हल्ला झाला. त्याचा जोर सेकंदाला सुमारे ३०० गिगाबिटपर्यंत गेल्याचे सांगितले गेले. त्याच सुमारास जॅरेड मॉच यांनी ‘ओपन रिझॉल्व्हर प्रोजेक्ट’ सुरू केला. जगभर शोध घेतला तेव्हा अशा उघड्या डीएनएस यंत्रांची संख्या दोन कोटींच्या वर निघाली. त्यांत मोठ्या संगणक-केंद्रांतल्या सर्व्हरांबरोबर घराघरांत पुरवठादाराने बसवून दिलेले साधे राउटरही होते. प्रकल्पाची पद्धत महत्त्वाची आहे : जाळ्याच्या चालकाने आपला पत्त्यांचा पट्टा टाकावा आणि आपल्याकडे काय उघडे आहे ते पाहावे. स्मर्फच्या काळातल्या जाहीर याद्यांवरून घेतलेला हा धडा होता.

१५/
एनटीपीची कथा अधिक बोलकी आहे. घड्याळ जुळवणाऱ्या सर्व्हरला ‘मोनलिस्ट’ ही जुनी आज्ञा दिली की तो अलीकडे संपर्कात आलेल्या ६०० पर्यंत पत्त्यांची यादी पाठवतो. एका ओळीच्या प्रश्नाला पानेच्या पाने उत्तर. ही आज्ञा २०१० मध्येच विकासाधीन आवृत्तीतून काढून टाकली होती. पण वापरातले असंख्य सर्व्हर जुन्याच स्थिर आवृत्तीवर चालत राहिले. दुरुस्ती अस्तित्वात होती. तिची निकड कोणाला भासली नव्हती. डिसेंबर २०१३ पासून हल्ले वाढले, आणि १० फेब्रुवारी २०१४ रोजी सेकंदाला ४०० गिगाबिटच्या घरातला लोंढा नोंदला गेला.

१६/
तो हल्ला झेलणाऱ्या क्लाउडफ्लेअर कंपनीने नंतर सांगितले की त्यासाठी १,२९८ जाळ्यांतील अवघे ४,५२९ एनटीपी सर्व्हर वापरले गेले. तिने कोणत्या जाळ्यांतून किती सर्व्हर सामील होते, हे जाहीर केले. प्रत्येक सर्व्हरचा पत्ता मात्र जाहीर केला नाही, कारण ती यादी दुसऱ्या हल्लेखोराच्या हाती शस्त्र म्हणून पडली असती. मोहल्ल्याचे नाव सांगितले, घराचा क्रमांक झाकला. माझ्या मते या संपूर्ण इतिहासातील हा एक विचारपूर्वक घेतलेला निर्णय आहे. त्याकडे आपण शेवटी परत येऊ.

१७/
मग प्रश्न येतो : गुपचूप कळवण्याने खरेच काही होते का? याचे मोजलेले उत्तर उपलब्ध आहे. जर्मनीतील बोखुमच्या रूर विद्यापीठातील मार्क क्यूहरर, ख्रिस्तियन रोसो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे एनटीपी सर्व्हर मोजले. ते सुमारे १६ लाख होते. त्यांनी देशोदेशींच्या ‘सर्ट’ संस्थांना, विश्वासातल्या सुरक्षा-गटांना आणि जाळे-चालकांना याद्या पुरवल्या. जोडीला तांत्रिक सल्लापत्रे निघाली. काही महिन्यांत दोषी सर्व्हरांची संख्या ९२ टक्क्यांहून अधिक घटली. २०१४ मध्ये त्यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. योग्य माणसाला, पुराव्यासह आणि उपायासह कळवले तर दारे लागतात, हे या आकड्याने दाखवले.

१८/
त्यानंतर हे काम रोजचे झाले. २००४ मध्ये सुरू झालेली ‘शॅडोसर्व्हर’ ही ना-नफा संस्था जगाच्या जाळ्याची नियमित पाहणी करते. आपल्या पत्त्यांच्या पट्ट्यात कोणती यंत्रे उघडी आहेत, याचा अहवाल ती त्या त्या पुरवठादाराला आणि राष्ट्रीय ‘सर्ट’ला विनामूल्य पाठवते. जुन्या गावातला जागल्या रात्री फिरताना ‘अमक्याच्या वाड्याचा दिंडी दरवाजा उघडा आहे’ असे त्या मालकालाच जाऊन सांगे, त्यातला हा प्रकार. फरक इतकाच की या जागल्याची गस्त साऱ्या पृथ्वीभर आहे.

१९/
तरी दर काही वर्षांनी नवा घुमट सापडतोच. २०१७ मध्ये चिनी संशोधकांनी ‘मेमकॅश्ड’ या साठवण-सॉफ्टवेअरचा असा गैरवापर शक्य असल्याचे दाखवले होते. २८ फेब्रुवारी २०१८ रोजी गिटहबवर सेकंदाला १.३५ टेराबिटचा हल्ला झाला आणि ते संकेतस्थळ काही मिनिटे कोलमडले. या सेवेचा गुणक ५१,००० पर्यंत जातो असे मोजले गेले. हल्ल्याच्या आदल्याच दिवशी निघालेल्या १.५.६ आवृत्तीत यूडीपी मूळ मांडणीतच बंद करण्यात आला. उत्पादकाने मूळ मांडणी बदलणे आणि पुरवठादाराने दार लावणे, ही दोन्ही कामे एकदम झाली की रोग वेगाने हटतो.

२०/
आता जबाबदार प्रकटीकरणाचा एक नमुना पाहू. फेब्रुवारी २०२० मध्ये न्यूझीलंडच्या ‘.एनझेड’ सर्व्हरांवरची वाहतूक अचानक निम्म्याने वाढली. शोध घेता कळले की फक्त दोन नावांच्या नोंदी चुकून एकमेकींकडे बोट दाखवत होत्या. अ म्हणे ब ला विचारा, ब म्हणे अ ला विचारा. काही मोठे डीएनएस सर्व्हर या चक्रात अडकून अखंड विचारत राहिले. नेदरलँड्सचे एसआयडीएन लॅब्ज, इंटरनेटएनझेड आणि दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांनी याला ‘त्सुनेम’ असे नाव दिले. हल्लेखोराने मुद्दाम अशा नोंदी केल्या असत्या, तर एखाद्या देशाचे नामसर्व्हरच कोलमडू शकले असते.

२१/
संशोधकांनी काय केले? प्रथम गूगल आणि सिस्कोच्या ओपनडीएनएसला खासगीत कळवले. त्यांनी आपल्या सेवा दुरुस्त केल्या. मग फेब्रुवारी २०२१ मध्ये डीएनएस चालकांच्या बंद गटाला सांगितले, जेणेकरून प्रत्येकाला आपले घर तपासता यावे. मे २०२१ मध्ये जगासमोर मांडले आणि अशी चक्रे शोधणारे साधनही मोफत दिले. आधी ज्याच्या हाती उपाय आहे तो, मग ज्यांना धोका आहे ते, शेवटी सर्व जग. प्रत्येक पायरीला मुदत, आणि शेवटच्या पायरीला उपायही सोबत.

२२/
मार्च २०२२ मध्ये आणखी एक प्रकरण उघड झाले. मिटेल कंपनीच्या दूरध्वनी-प्रणालींमधील एक चाचणी-सुविधा इंटरनेटला चुकून उघडी राहिली होती. जगात अशी यंत्रे अवघी २,६०० च्या आसपास. पण एका पॅकेटवरून मिळणारा सैद्धांतिक गुणक ४ अब्ज २९ कोटींवर जात होता. क्लाउडफ्लेअर, अकामाई, नेटस्काउट, शॅडोसर्व्हर अशा परस्पर-स्पर्धक आणि ना-नफा संस्थांनी एकत्र येऊन आधी उत्पादकाशी दुरुस्तीचे काम केले आणि मग एकाच वेळी माहिती जाहीर केली. १९९७ च्या उघड्या याद्यांपासून येथवरचा प्रवास पंचवीस वर्षांचा आहे.

२३/
आता आपल्या घरी येऊ. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. नोव्हेंबर १९९८ च्या धोरणाने खासगी पुरवठादारांना वाट मिळाली. २००३ मध्ये देशांतर्गत वाहतुकीच्या देवाणघेवाणीसाठी ‘निक्सी’ स्थापन झाली आणि २००४ मध्ये ‘सर्ट-इन’. स्मर्फ आणि ‘बीसीपी ३८’ यांचा वाद परदेशात तापलेला असतानाच आपले पुरवठादार जन्मत होते. त्यांच्यापुढचा तातडीचा प्रश्न ग्राहकापर्यंत तार नेण्याचा होता. पाठवणाऱ्याचा पत्ता तपासण्याचा प्रश्न साहजिकच मागे पडला.

२४/
त्याची किंमत जुलै २०१६ मध्ये दिसली. मुंबईतील काही इंटरनेट पुरवठादारांवर अज्ञातांनी वाहतुकीचा प्रचंड लोंढा सोडला. त्याचा जोर सेकंदाला २०० गिगाबिटच्या घरात असल्याचे तेव्हा वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले. ग्राहकांचे इंटरनेट रखडले, पोलिसांनी गुन्हा नोंदवला, आणि महाराष्ट्र पोलिसांच्या सायबर विभागाचे तत्कालीन प्रमुख ब्रिजेश सिंह यांनी त्याला दुजोरा दिला. या घटनेचे ऐतिहासिक महत्त्व असे की येथे लक्ष्य एखादे संकेतस्थळ नव्हते, पुरवठादारच होते. दुसऱ्याच्या घराची आग म्हणून ज्याकडे पाहिले जाई, ती विहिरीच्या मालकापर्यंत पोहोचली.

२५/
फेब्रुवारी २०१७ मध्ये ‘सर्ट-इन’ने सायबर स्वच्छता केंद्र सुरू केले. बाधित यंत्रांची माहिती पुरवठादारांमार्फत ग्राहकापर्यंत पोहोचवणे हे त्याच्या कामांपैकी एक. २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनी विविध सायबर घटना कळल्यापासून सहा तासांत ‘सर्ट-इन’ला कळवणे बंधनकारक केले. त्यांत नोंदी १८० दिवस जपण्याचे आणि घड्याळे ठरावीक राष्ट्रीय एनटीपी सर्व्हरांशी जुळवण्याचेही कलम आहे. नोंदींवरील वेळा जुळल्या नाहीत तर कोणता लोंढा कोठून आला, हे सांगता येत नाही. २०१४ मध्ये जी घड्याळ-सेवा शस्त्र झाली होती, तीच येथे साक्षीदार म्हणून उभी आहे.

२६/
सोलापूरसारख्या शहरात या सगळ्याचा अर्थ काय? येथे घरोघरचे इंटरनेट मोठ्या कंपन्यांप्रमाणेच लहान पुरवठादार आणि केबलचालकही पोहोचवतात. त्यांच्याकडे सुरक्षेसाठी स्वतंत्र माणूस नसतो. खांबावर चढणारा, बिल वसूल करणारा आणि राउटर लावणारा बहुधा एकच असतो. परदेशातून आलेला इंग्रजी अहवाल एखाद्या न उघडलेल्या पेटीत पडून राहतो. आणि उद्या लोंढा उलटला, तर यंत्रमागाच्या कारखान्याची बिले, दवाखान्याची नोंदणी आणि विद्यार्थ्यांचे परीक्षा अर्ज एकाच तारेवर अडतात. कळवण्याची साखळी तिच्या शेवटच्या कडीपाशी तुटते, आणि ती कडी आपल्या गल्लीत असते.

२७/
कळवणाऱ्यालाही धास्ती असते. माहिती तंत्रज्ञान अधिनियम २००० चे कलम ४३ मालकाच्या परवानगीविना संगणकात प्रवेश करण्याला दायित्व लावते. तेच कृत्य अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केले तर कलम ६६ नुसार तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. म्हणून तरुण मित्रांना एकच विनंती : तपासायचे असेल तर आपल्याच घरचा राउटर तपासावा. दुसऱ्याच्या जाळ्यात काही आढळले तर त्याला हात न लावता ‘सर्ट-इन’ला कळवावे. दोष समन्वयाने जाहीर करण्याचे काम ही संस्था करते, आणि २०२१ पासून दोषांना अधिकृत जागतिक क्रमांक देण्याचा अधिकारही तिला आहे.

२८/
चांगले कळवणे कसे असते, हेही या इतिहासाने ठरवले आहे. त्यात यंत्राचा नेमका पत्ता असतो. वेळ असते, आणि ती कोणत्या प्रमाणवेळेची हे लिहिलेले असते. मालकाला स्वतः पडताळता येईल एवढा पुरावा असतो, त्याहून अधिक नसतो. उपाय दोन ओळींत असतो. मुदत असते. आणि धमकीचा सूर नसतो, कारण पेटी उघडणारा माणूस बहुधा दोषी नसतो, केवळ व्यग्र असतो. आपल्याकडे यात एक भर घालावी लागेल : असा निरोप मराठीतही मिळायला हवा.

२९/
मग जाहीर करावे की गुप्त ठेवावे? माझे मत दोन भागांत आहे. उघड्या सर्व्हरांच्या याद्या मालकापुरत्याच राहाव्यात, कारण त्या याद्या म्हणजेच शस्त्रागार. पण खोट्या पत्त्याची पॅकेटे बाहेर सोडणारे जाळे कोणते, ही नोंद सार्वजनिक असावी. रॉबर्ट बेव्हर्ली यांनी २००५ मध्ये सुरू केलेला ‘स्पूफर’ प्रकल्प हेच मोजतो आणि निष्कर्ष खुले ठेवतो. २०१४ पासून ‘मॅनर्स’ या उपक्रमातील पुरवठादार पत्ता-तपासणीची जाहीर बांधिलकी स्वीकारतात. क्लाउडफ्लेअरने केलेला भेद येथे उपयोगी पडतो : घराचा क्रमांक झाकावा, मोहल्ल्याचे नाव सांगावे.

३०/
यावर आक्षेप आहे, तोही नोंदवतो. जाळ्याचे नाव कळले की हल्लेखोर त्याच जाळ्यात यंत्र भाड्याने घेईल. हा धोका खरा आहे. पण हल्लेखोराला ते एका चाचणीत स्वतःच कळते. न कळलेले राहतात ते ग्राहक, शासकीय निविदा काढणारे अधिकारी आणि शेजारचे पुरवठादार. १८५१ मधला हॉब्जच्या बाजूचा युक्तिवाद येथे लागू पडतो, आणि लाखो घरगुती राउटरांच्या यादीला तो लागू पडत नाही, कारण तेथे कुलूप बदलण्याची कुवतच मालकाकडे नसते. एकच तत्त्व सगळीकडे सारखे लावू नये, एवढे तरी या इतिहासातून शिकता येते.

३१/
‘बीसीपी ३८’ला मे २००० पासून पंचवीस वर्षे होऊन गेली, तरी खोट्या पत्त्याची पत्रे जगात कोठून ना कोठून अजून निघतात. उपाय ठाऊक असणे आणि उपाय होणे यांच्यामधले हे अंतर कोणत्याही यंत्राने भरलेले नाही. जेवढे भरले, तेवढे चिकाटीने निरोप पाठवणाऱ्यांनी आणि ते वाचून दार लावणाऱ्या अनाम तंत्रज्ञांनी भरले. त्यांची नावे कोणत्याही बखरीत येणार नाहीत.

३२/
आपल्या घरच्या पुरवठादाराला या आठवड्यात एवढेच विचारून पाहा : ‘आपल्याकडे ग्राहकाच्या पॅकेटवरचा पाठवणाऱ्याचा पत्ता तपासला जातो का? आणि गैरवापराची तक्रार कोणाकडे करायची?’ मिळालेले उत्तर खाली लिहा, पुरवठादाराचे नाव न घालता. प्रश्न, दुरुस्त्या आणि मतभेद यांचे स्वागत आहे. धागा आवडला तर मित्रांपर्यंत पोहोचवा.